आधी निर्णय, मग निवेदन

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत ग्राहक सेवा विभागाची प्रमुख आहे. छोट्या दवाखान्यांना रुग्णांच्या नोंदी, भेटीच्या वेळा आणि बिलं ठेवायला आम्ही ऑनलाइन प्रणाली पुरवतो. दहा दिवसांपूर्वी रात्री अपडेट टाकताना काहीतरी चुकलं आणि जवळपास पाच तास काही दवाखान्यांना दुसऱ्याच दवाखान्यांच्या नोंदी दिसत राहिल्या. पहाटे ते दुरुस्त झालं. संचालकांनी सांगितलं, चौकशी पूर्ण होईपर्यंत कुणीही बोलायचं नाही; कुणी विचारलंच तर ‘नियमित देखभालीमुळे थोडी अडचण आली होती’ एवढंच सांगायचं. माझ्या विभागातली २३ माणसं दहा दिवस तेच सांगताहेत. आता एका दवाखान्याने त्या रात्री काढलेला स्क्रीनशॉट सगळीकडे फिरतोय आणि संचालकांनी मला दोन दिवसांत निवेदन लिहून द्यायला सांगितलंय. कायदेशीर सल्लागार म्हणतात, ‘चूक’ आणि ‘माफी’ हे शब्द नकोत. संचालकांना ‘आमची टीम रात्रंदिवस झटते आहे’ हे वाक्य हवंच आहे. ज्याच्या हातून हे झालं तो इंजिनिअर कुणाशी धड बोलत नाही. काल फोनवर बसणारा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, उद्यापासून मी देखभाल-बिखभाल सांगणार नाही.’ मला एवढंच सांगा : निवेदन कसं लिहू? कोणते शब्द वापरू, कोणते टाळू? (जाता जाता : चाचणी विभागातल्या एका मुलीने रात्रीच्या अपडेट्सबद्दल तीन महिन्यांपूर्वीच मेल पाठवला होता म्हणे. आता त्याचा काय उपयोग!)

उत्तर :

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं, वर त्याचा सारांश दिलाय. ते वाचताना मला एक गोष्ट खटकली, ती आधीच सांगून टाकते. ‘निवेदन’ हा शब्द तुम्ही पानोपानी लिहिलाय. ज्यांच्या नोंदी परक्या माणसांनी पाहिल्या ते रुग्ण मात्र एका ओळीत येऊन गेले. हा टोमणा नाही. दहा दिवस फोन खणखणत असताना आणि वरून दट्ट्या असताना माणसाला समोरचा कागद तेवढाच दिसतो. माझंही तसंच झालं असतं. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मला त्या प्रश्नाशीच थोडं भांडावं लागणार आहे.

तुम्ही धरून चाललाय की जे व्हायचं ते होऊन गेलं, आता ते सांगायचं कसं एवढंच उरलंय. मला तसं वाटत नाही. निवेदन ही पावती असते. संस्थेने काही ठरवलं असेल, तर ते ठरल्याची पावती. तुमच्या पत्रात मी शोधत होते : नेमक्या किती दवाखान्यांच्या नोंदी उघड्या पडल्या? त्या दवाखान्यांना एकेकाला कळवायचं ठरलंय का? त्यांच्या रुग्णांना कोण सांगणार, दवाखाना की तुम्ही? रात्रीचे अपडेट थांबवलेत की अजून चालूच आहेत? कुणा रुग्णाला यातून त्रास झाला तर त्याने कुणाकडे यायचं? एकाचंही उत्तर पत्रात नाही. बहुधा कंपनीतही नाही. मग तुमचा हात कितीही लिहिता असला तरी त्या कागदावर ‘माहितीची सुरक्षितता आमच्यासाठी सर्वोच्च आहे’ याखेरीज काय उमटणार? संस्थांची निवेदनं पोकळ निघतात ती बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या हाती ठरलेलं असं काही दिलेलंच नसतं म्हणून.

तेव्हा उद्या संचालकांकडे मसुदा घेऊन जाऊ नका. हे पाच प्रश्न एका कागदावर लिहून न्या आणि म्हणा, प्रत्येकासमोर एक वाक्य भरून द्या, तासाभरात निवेदन देते. काही ठिकाणी ‘अजून माहीत नाही’ असं येईल. चालेल. ‘अजून माहीत नाही, परवापर्यंत कळेल’ हे छापता येतं. ‘अजून ठरवलं नाही’ हे मात्र छापता येत नाही, आणि कागदावर ती जागा रिकामी राहिली की वरच्या माणसालाही ती दिसते.

दुसरं गृहीतक तुमचं नाही, संचालकांचं आहे, पण तुम्हीही ते थोडंसं उचललंय. त्यांच्या लेखी कंपनी दहा दिवस गप्प आहे. ती गप्प नाहीये. ‘देखभाल’ हे एक विधान आहे आणि २३ जणांनी ते रोज कित्येकदा केलंय. गप्प राहिलेल्याला नंतर बोलता येतं. तुम्हाला नुसतं बोलून भागणार नाही, आधीचं मागे घ्यावं लागेल. आणि ते निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवं, कारण स्क्रीनशॉट पाहिलेल्या डॉक्टरांना काय झालं होतं हे कळलेलंच आहे. त्यांचा पहिला प्रश्न वेगळा असणार : ‘मग आम्हाला देखभाल का सांगितलीत?’

उशीर किती महाग पडतो हे पाहायचं असेल तर अमेरिकेतल्या एक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीकडे बघा. आपल्या प्रणालीत कुणी घुसल्याचं तिला २९ जुलै २०१७ ला कळलं आणि जगाला तिने ते ७ सप्टेंबरला सांगितलं. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. एवढे ४० दिवस मिळाले तर निदान तयारी तरी चोख असेल असं आपल्याला वाटतं. आपलं नाव त्यात आहे का हे लोकांनी तपासावं म्हणून कंपनीने वेगळं संकेतस्थळ काढलं, आणि मग तिच्याच अधिकृत ट्विटर खात्यावरून लोकांना भलत्याच, नक्कल केलेल्या संकेतस्थळाचा पत्ता दिला गेला. एकदा नाही, अनेकदा. (नशीब, ती नक्कल एका डेव्हलपरने धोका दाखवून देण्यासाठीच केलेली होती.) या प्रकरणात सगळे उशिराबद्दल बोलतात. मला ही दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते : लोकांना प्रत्यक्ष उत्तरं देणाऱ्या माणसाच्या हातात साधा पत्तासुद्धा धड नव्हता.

उशिराला कायद्याचाही पदर आहे. युरोपातल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्यात अशी घटना कळल्यापासून साधारणपणे ७२ तासांच्या आत नियामकाला कळवायचं असतं. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेसाठीच्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ही मुदत ६ तासांची आहे. तुमचे ग्राहक जिथे आहेत तिथे काय लागू होतं, हे सल्लागारांना आजच विचारा. ‘चूक’ शब्द नको म्हणणाऱ्या माणसाने हा मुद्दा त्याआधी काढायला हवा होता. काढला असेल आणि तुमच्यापर्यंत आलाच नसेल, तर तीही एक बातमीच आहे.

आता तुमच्या २३ जणांकडे येऊ. माझ्या मते हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तुम्ही तो पार्श्वभूमी म्हणून लिहिलाय. निवेदन संकेतस्थळावर चढेल, थोडे लोक वाचतील, बाकीचे फोन करतील. म्हणजे खरं निवेदन या २३ तोंडांतून बाहेर पडणार आहे. त्यांना आज काय माहीत आहे? पत्रावरून दिसतं की जिन्यात आणि ग्रुपवर जेवढं ऐकलं तेवढं. बाहेर एक शब्द जाण्याआधी आत तोच शब्द गेलेला असला पाहिजे, अर्धा तास आधी का होईना. आपल्याच कंपनीची बातमी ग्राहकाकडून कळण्यासारखा अपमान नाही. तो माणूस त्या दिवशी काम करतो, पण त्यानंतर कंपनीबद्दल बोलताना तो ‘आपण’ म्हणत नाही, ‘ते लोक’ म्हणतो.

उद्या त्यांना एकत्र बसवा. मेल नको, समोरासमोर, नाहीतर निदान व्हिडिओ कॉलवर. पहिलं वाक्य तुमचं असू द्या : ‘गेले दहा दिवस तुम्ही जे सांगत होता ते खरं नव्हतं, आणि ते मी तुमच्याकडून वदवून घेतलं.’ त्याला ‘पण वरून आदेश होता’ ही शेपटी जोडू नका. ते त्यांना ठाऊक आहे. मग जे कळलंय ते सांगा, जे कळलेलं नाही ते सांगा, आणि मग त्यांना बोलू द्या. इथे घाई नको. कोणत्या डॉक्टरांनी त्या रात्री काय पाहिलं, कोण घाबरलंय, कुणाचा आवाज चढला, कुणी फोन करणंच बंद केलं, याची सगळ्यात खरी यादी या माणसांच्या डोक्यात आहे. तुमच्या चौकशी समितीने त्यांच्यापैकी एकाला तरी काही विचारलंय का? संकटातला संवाद म्हणजे आपण बोलायचं, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. त्यातलं निम्मं काम ऐकण्याचं आहे, आणि कंपनीचे कान तुमच्याच विभागात बसलेत.

त्यांना पाठ करायला कागद देऊ नका. काय कळलंय, काय नाही आणि पुढचं कधी कळेल, एवढं द्या; वाक्यं त्यांची ते करतील. साधारण असं : ‘हो डॉक्टर, त्या रात्री काही दवाखान्यांच्या नोंदी दुसऱ्यांना दिसल्या. तुमच्या होत्या का ते आम्ही तपासतोय. उद्या संध्याकाळी ५ पर्यंत मी स्वतः फोन करतो. आणि मागच्या आठवड्यात मी तुम्हाला देखभाल म्हणालो होतो, ते बरोबर नव्हतं.’ हे शेवटचं वाक्य म्हणायची मुभा त्यांना स्पष्ट शब्दांत द्या, नाहीतर ते कुणी म्हणणार नाही. आणि ५ चा फोन गेलाच पाहिजे, नवीन काही कळलेलं नसलं तरी. ‘अजून तपास चालू आहे, पुढचा फोन उद्या ११ ला’ हाही निरोपच असतो. लोक वाट पाहायला तयार असतात. किती वेळ पाहायची ते सांगितलेलं नसलं की चिडतात.

कायदेशीर सल्लागारांना खलनायक करू नका. सावध राहणं हेच त्यांचं काम आहे. पण ‘माफी मागितली की खटला आलाच’ हे मात्र तपासून पाहण्यासारखं आहे. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून उलटा रस्ता धरला. उपचारात काही चुकलं तर ते शोधायचं, रुग्णाला आपणहून सांगायचं, दोष आपला असेल तर भरपाईही आपणहून द्यायची. या बदलाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दावे आणि खटले वाढले नव्हते, घटले होते. प्रकरणं निकाली निघायला लागणारा वेळ कमी झाला होता, खर्चही. हे सगळं त्या धोरणामुळेच झालं असं अभ्यासकांनी म्हटलेलं नाही, त्या काळात मिशिगनमध्ये एकूणच असे दावे कमी होत होते. रुग्णालय म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीही नव्हे. तरी ‘खरं बोललो तर बुडालो’ हे जे वाक्य बैठकींत निसर्गनियमासारखं फेकलं जातं, त्याला एवढं उत्तर पुरे.

सल्लागारांशी एकेका शब्दावर झटापट करण्यापेक्षा वाक्यांची जात वेगळी करा. काय घडलं, ही एक जात. ते का घडलं असावं, ही दुसरी. कायद्याने जबाबदार कोण, ही तिसरी. पहिली पूर्ण सांगायची. दुसरी चौकशी होईपर्यंत राखून ठेवायची, अंदाज छापायचे नाहीत. तिसरी सल्लागारांवर सोडा, त्यांचा मान राहतो. ‘चूक’ हा शब्द गेला तर जाऊ दे. ‘आम्ही टाकलेल्या अपडेटमुळे’ या शब्दांत कर्ता आला. ‘अडचण उद्भवली’, ‘नोंदी दिसल्या गेल्या’ असली बिनवारशी क्रियापदं मात्र आत येऊ देऊ नका. कर्ता गिळून टाकायची सोय मराठीत भरपूर आहे, आणि संकट आलं की संस्थांना ती बरोबर आठवते. ‘माफी’साठी मात्र भांडा. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ नको. गैरसोय लिफ्ट बंद पडल्यावर होते.

बैठकीत कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं उदाहरण काढेलच; व्यवस्थापनाच्या वर्गात ते न शिकवता कुणाला पुढे जाऊ देत नाहीत. १९८२ मध्ये शिकागो परिसरात सायनाइड मिसळलेल्या कॅप्सूल घेऊन ७ माणसं दगावली आणि जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. चांगलं उदाहरण आहे, पण ते तुमचं नाही. तिथे विष बाहेरच्या कुणीतरी मिसळलं होतं. संकट-संवादाचे अभ्यासक टिमोथी कूम्ब्स यांनी संकटांचे तीन गट मांडलेत : ज्यात संस्था स्वतःच बळी असते, जे अपघाताने घडतं, आणि जे टाळता आलं असतं. लोक दोष किती देणार हे या गटावर ठरतं, आणि नुसती माहिती पुरेल की माफी-भरपाईपर्यंत जावं लागेल हेही त्यावरच. स्क्रीनशॉट फिरवणाऱ्यावर चिडलेले तुमचे संचालक स्वतःला पहिल्या गटात समजताहेत. चाचणी विभागातला तो मेल खरा असेल तर लोक तुम्हाला तिसऱ्यात बसवणार.

त्याच टायलेनॉल प्रकरणाचा एक कमी सांगितला जाणारा कोपरा मात्र तुमच्या उपयोगाचा आहे. आमच्या कारखान्यात सायनाइड नसतंच, असं कंपनीने सुरुवातीला पत्रकारांना सांगितलं होतं. मग कळलं की चाचण्यांसाठी थोडंसं तिथे असतं. त्याचा विषबाधेशी संबंध नव्हता, तरी कंपनीने आपलं आधीचं विधान दुरुस्त केलं. तुमची ‘देखभाल’ अशीच दुरुस्त करायची आहे. फरक एवढाच की ते अजाणता बोलले होते.

तो इंजिनिअर. त्याच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, आणि ती वाचून मी थांबले. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री प्रोग्रॅमरांचा कोड ऑनलाइन सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. माहिती परत मिळवायला गेल्यावर उघड झालं की बॅकअप आणि प्रतींच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाची चालत नव्हती. सुमारे ६ तासांची माहिती कायमची गेली. कंपनीने काय केलं? दुरुस्तीच्या नोंदी लिहिता लिहिताच जगाला दाखवल्या, काम चालू असताना यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं, आणि नंतर आपल्या अब्रूची पर्वा न करता सविस्तर अहवाल काढला. त्या अहवालाचा रोख कुणी पुसलं यावर नव्हता. एका माणसाच्या एका आज्ञेने एवढं पुसलं कसं जाऊ शकलं आणि बॅकअप चालत नाहीत हे कुणाला कळलं कसं नाही, यावर होता. तुम्ही थेट प्रक्षेपण करा असं मी म्हणत नाही, रुग्णांच्या नोंदी म्हणजे प्रोग्रॅमचा कोड नव्हे. पण आतल्या आत त्या मुलाबद्दल कुजबुज चालू आहे, तोवर तुमची चौकशी ‘मानवी चूक’ या दोन शब्दांवर येऊन थांबेल, आणि सगळ्यांना हायसं वाटेल. त्याच्या वरिष्ठांना सांगा, एकदा सगळ्यांसमोर म्हणा की रात्री एकट्याने अपडेट टाकायची पद्धत कंपनीची होती. त्या रात्री नेमकं काय झालं हे सगळ्यात जास्त त्यालाच माहीत आहे. घाबरलेला माणूस त्यातलं निम्मंच सांगतो.

आता तुम्ही मागितलेली गोष्ट. निर्णय झाले आहेत असं धरून मी एक मसुदा लिहून पाहिला. रिकाम्या जागा तुमच्या.

‘अमुक तारखेच्या रात्री आम्ही टाकलेल्या अपडेटमुळे आमच्या प्रणालीतल्या इतक्या दवाखान्यांच्या रुग्णनोंदी सुमारे ५ तास इतर दवाखान्यांना दिसत होत्या. त्यात रुग्णांची नावं, भेटीच्या वेळा आणि बिलं होती. त्यानंतरचे दहा दिवस आम्ही तुम्हाला हे देखभालीचं काम होतं असं सांगत राहिलो. ते खरं नव्हतं. या दोन्हींबद्दल आम्ही तुमची आणि तुमच्या रुग्णांची माफी मागतो. ज्या दवाखान्यांच्या नोंदी उघड झाल्या त्या प्रत्येकाला आम्ही अमुक तारखेपर्यंत स्वतः फोन करू आणि कोणत्या नोंदी दिसल्या त्याची यादी देऊ. रुग्णांना कळवण्यासाठी लागणारी मदत आम्ही करू. चौकशी पूर्ण होईपर्यंत रात्रीचे अपडेट बंद ठेवले आहेत. त्या नोंदी कुणी उतरवून घेतल्या का, हे आम्ही अजून तपासत आहोत. पुढची माहिती अमुक दिवशी ५ वाजता याच ठिकाणी देऊ. दरम्यान या क्रमांकावर फोन करा. उचलणाऱ्याला या प्रकरणाची पूर्ण माहिती आहे.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच ठेवा.

यात ‘आमची टीम रात्रंदिवस झटते आहे’ नाही, हे संचालकांच्या लक्षात येईल. त्यांना बीपी या तेल कंपनीच्या टोनी हेवर्ड यांची आठवण करून द्या. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीवरच्या स्फोटात ११ कामगार मेले, तेल समुद्रात वाहत होतं, आणि महिन्याभराने हे प्रमुख कॅमेऱ्यासमोर म्हणाले की मलाही माझं आयुष्य परत हवंय. माणूस थकला असेल, खरंच बोलला असेल. पण ज्यांचं गेलं त्यांच्यासमोर आपल्या थकव्याचं गाऱ्हाणं घालायचं नसतं. तुमची टीम झटते आहे हे टीमला सांगा, मनापासून सांगा. दवाखान्यांना त्याचं काही नाही.

आणि तो कंसातला मेल.

‘आता त्याचा काय उपयोग’ असं तुम्ही लिहिलंत. मला वाटतं, तुमच्या कंपनीचं संकट त्या अपडेटच्या रात्री सुरू झालंच नाही, ते तीन महिन्यांपूर्वी त्या मुलीने ‘पाठवा’चं बटण दाबलं तेव्हा सुरू झालं. वाईट बातमी दुसऱ्याला सांगायला माणसं कचरतात, हे मानसशास्त्रज्ञ सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं. त्याला त्यांनी ‘मम इफेक्ट’ असं नाव दिलं (इंग्रजीत ‘मम’ म्हणजे गप्प). ही मुलगी तर कचरलीही नाही. तिने लिहिलं. तो मेल कुणाच्या खोक्यात गेला, त्याने वाचला का, वाचून कुणाला सांगितलं? १९८६ च्या चॅलेंजर या अमेरिकन अवकाशयानाच्या दुर्घटनेतही हेच दिसतं. आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीत उड्डाण करू नका असं सांगितलं होतं, आणि चौकशी आयोगाला आढळलं की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. मधल्या कुणीतरी गिळलं.

मी स्वतः एका कार्यालयात नवी असताना महिनाअखेरीचा एक आकडा जुळत नाही हे मला दिसलं होतं. साहेबांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ‘हं, बघू’ ऐकलं आणि तिसऱ्यांदा गेले नाही. पुढे प्रकरण अंगाशी आलं तेव्हा सगळ्यांसमोर मलाच विचारलं गेलं, ‘मग बोलला का नाहीत?’ म्हणून त्या मुलीची मला काळजी वाटते. आत्ता कंपनीत तो मेल नाहीसा व्हावा असं वाटणारी माणसं असतील. तो चौकशीच्या कागदांत पहिल्या पानावर लागेल एवढं तुम्ही बघा. तुमच्या अधिकारात तेवढं येतं. आणि पुढे कधी सवड झाली तर एक साधी गोष्ट सुचवा : अशा इशाऱ्याला ठरलेल्या दिवसांत ‘करतो’, ‘करत नाही’ किंवा ‘का करत नाही’ असं लेखी उत्तर मिळालंच पाहिजे. ‘बघू’ हे उत्तर धरायचं नाही.

राहिला सगळ्यात अवघड प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत. संचालकांनी तो पाच प्रश्नांचा कागद बाजूला सारला आणि ‘देखभाल’च लिहून आणा म्हटलं तर? नोकरी सोडा असं सांगणं मला सोपं आहे, हप्ते तुमचे आहेत. पण दोन पायऱ्या मध्ये आहेत. पहिली : लेखी कळवा, तापट भाषेत नको, की हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही, ते दिल्यास कंपनीला धोका आहे, आणि कायद्याने कळवण्याची मुदत उलटून चालली असू शकते. सल्लागारांना त्याची प्रत द्या. अनेकदा संचालक तुमचं ऐकत नाहीत, पण वकिलाचं ऐकतात, आणि असा कागद हातात आल्यावर वकिलाचंही मत बदलतं. दुसरी : तुम्ही ते वाक्य लिहू नका आणि तुमच्या माणसांना ते म्हणायला लावू नका. ‘मला याबद्दल बोलायची परवानगी नाही, तुमचा प्रश्न मी वर पाठवतो’ हे फारसं शूर वाक्य नाही, पण ते खोटं नाही. तुमच्यासारख्या मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या अनेकांना कधी कधी एवढीच जागा मिळते. त्यानंतरही खोटंच छापलं गेलं, तर राहायचं की नाही हे तुम्ही ठरवा. पण ते चिडून नको, पुढची सोय पाहून ठरवा.

आणि तो फोनवरचा मुलगा. त्याने तुम्हाला येऊन सांगितलं, परस्पर राजीनामा दिला नाही, याचा अर्थ तुमच्या विभागात अजून वर बोलता येतं. त्याला समजावायला जाऊ नका. उद्या सकाळी फोनलाइन सुरू झाल्या की पहिला फोन तुम्ही घ्या, त्याला शेजारी बसवा आणि ऐकू द्या.